लहरींचा हिशेब मांडायला हवा

फ्यूजनची, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रयोगांची, बातमी आली की तिच्यात एक आकडा हमखास असतो. अमुक यंत्रात दहा कोटी अंश तापमान, तमुक यंत्रात पंधरा कोटी. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश आहेत, तेव्हा आपण सूर्यालाही मागे टाकलं, असं पुढचं वाक्य असतं. आकडे खरे असतात. पण जपानच्या जेटी-६०यू यंत्रात १९९६ सालीच ५२ कोटी अंशांची नोंद झाली होती. त्याला तीन दशकं होत आली आणि फ्यूजनच्या विजेवर अजून एक दिवाही लागलेला नाही. तापमान हीच अडचण असती तर ती केव्हाच सुटली असती.

अडचण ताब्याची आहे. तापलेला प्लाझ्मा, म्हणजे ज्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा वायू, जागेवर ठेवायचा, त्यातून वाहणारा प्रवाह हवा तसा राखायचा, त्याला पडू पाहणारी भोकं वेळेत बुजवायची, आणि या खटाटोपाला जितकी वीज लागते तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त वीज बाहेर काढायची. यातला फार मोठा भार रेडिओ लहरी आणि मायक्रोवेव्ह उचलतात. लोकांपुढे त्यांचं नाव फारसं येत नाही आणि त्यांना लागणाऱ्या विजेचा हिशेब तर जवळजवळ येतच नाही. जे संशोधन लोकांच्या पैशांवर चालतं, त्यात हे असंच चालू राहता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

लहरी मुळात लागतात कशाला, ते आधी पाहू. टोकामॅक म्हणजे पोकळ कड्यासारखं यंत्र. त्यातल्या प्लाझ्मातून विजेचा प्रवाह सोडला की तार तापते तसा तोही तापतो. पण तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. प्लाझ्माचं याच्या नेमकं उलट आहे. तो जितका गरम, तितका त्याचा रोध कमी. दोन-तीन कोटी अंशांपर्यंत पोचेस्तोवर तो तांब्याहूनही चांगला वाहक झालेला असतो, आणि मग प्रवाह कितीही वाहिला तरी तापमान पुढे सरकेनासं होतं. राहिलेली चढण बाहेरून ढकलल्याशिवाय चढता येत नाही. ढकलायचे मार्ग दोन: वेगवान अणूंचा झोत आत सोडायचा, किंवा लहरी सोडायच्या.

चुंबकीय क्षेत्रात सापडलेला प्रत्येक भारित कण क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत पुढे सरकतो. सेकंदाला किती गिरक्या, हे क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरतं. एक टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉन २८ अब्ज गिरक्या घेतो; त्याच्याहून हजारो पटींनी जड असलेलं ड्यूटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, केंद्रक सुमारे ७६ लाख. झोपाळ्याला त्याच्या लयीत झोका दिला तर थोड्या जोरानंही तो उंच जातो. लय चुकली तर नुसती दमछाक होते. कणाच्या गिरकीशी जुळणारी वारंवारता निवडली की तो कणही असाच लहरीची ऊर्जा घेत वर चढतो. दक्षिण फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या आयटर यंत्रात प्लाझ्माच्या मध्यावर ५.३ टेस्ला क्षेत्र असेल. त्या हिशेबानं तिथे आयनांसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंसाठी, ४० ते ५५ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरी ठरल्या आहेत आणि इलेक्ट्रॉनांसाठी १७० गिगाहर्ट्‌झच्या मायक्रोवेव्ह, ज्यांची लांबी दोन मिलिमीटरही भरत नाही.

खुबी पुढेच आहे. टोकामॅकमधलं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं. कड्याच्या आतल्या बाजूला जास्त, बाहेरच्या बाजूला कमी. त्यामुळे ठरावीक वारंवारतेची लहर ठरावीक अंतरावरच्या कणांनाच लागू पडते, बाकीच्यांना न शिवता पुढे जाते. वारंवारता म्हणजे एका अर्थी पत्ताच झाला. त्यात मायक्रोवेव्हचा झोत आरशानं वळवता येतो. कोन जरासा बदलला की तीच ऊर्जा मध्यावर किंवा काठाकडे, काही सेंटीमीटरच्या पट्ट्यात नेऊन सोडता येते. वेगवान अणूंच्या झोताला इतकं नेमकेपण साधत नाही. म्हणून या लहरींची ओळख नुसती ‘तापवण्याचं साधन’ अशी करून देतात तेव्हा मला खटकतं. तापवणं हे त्यांचं निम्मंच काम.

उरलेलं निम्मं काम जवळून पाहायचं तर चुंबकीय बेटांचं उदाहरण घ्यावं. प्लाझ्मातल्या क्षेत्ररेषा एकात एक बसवलेल्या नळ्यांसारख्या थरांत गुंडाळलेल्या असतात. काही थर असे असतात की तिथली रेषा कड्याभोवती दोन-तीन फेऱ्या मारून स्वतःलाच येऊन मिळते. अशा थराला धक्का बसला तर रेषा तुटतात, नव्यानं जोडल्या जातात आणि तिथे एक बंदिस्त वेटोळं तयार होतं. तेच बेट. बेटाच्या आतून उष्णता आरपार निसटते, त्यामुळे तिथला दाब सपाट होतो. प्लाझ्मात काही प्रवाह दाबाच्या उताराच्या जोरावर आपोआप वाहत असतो; उतार गेला की बेटाच्या जागी तो प्रवाह आटतो. प्रवाह आटला की बेट आणखी फुगतं. जखम आपली आपणच चिघळत जाते. सुरुवातीला हे बेट प्लाझ्माबरोबर फिरत असतं. मोठं झालं की त्याची गती मंदावते, ते एका जागी अडकून बसतं, आणि त्यानंतर बहुतेक वेळा सगळा प्लाझ्माच कोसळतो. आयटरमध्ये दीड कोटी अँपिअरचा प्रवाह वाहणार आहे. तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कोसळला तर त्याचा तडाखा भिंतीला आणि सांगाड्याला बसेल.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे: आटलेला प्रवाह परत भरायचा. मायक्रोवेव्हचा झोत सरळ न सोडता तिरका सोडला तर तो इलेक्ट्रॉनांना एका दिशेनं हाकतो, आणि तेवढ्याच जागी थोडा प्रवाह निर्माण होतो. झोत बेटाच्या पोटात पडायला हवा. दोन-चार सेंटीमीटर इकडे-तिकडे झाला तर मेहनत वाया, क्वचित बेट वाढायलाही मदत. जर्मनीतल्या ॲस्डेक्स अपग्रेडनं, अमेरिकेतल्या डीथ्री-डीनं आणि जपानच्या जेटी-६०यूनं गेल्या शतकाच्या अखेरीपासून हे करून दाखवलं आहे. बेटाचा ठाव घ्यायचा, झोत नेमका त्याच्या थरावर आणायचा, आणि पडद्यावरची थरथरणारी रेघ हळूहळू सपाट होत गेलेली पाहायची. कोट्यवधी अंशांच्या वायूत, त्याला कुठेही हात न लावता, आतली जखम शिवायची! माणसानं पदार्थावर मिळवलेल्या ताब्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. त्याची बातमी मी तरी कधी ठळक मथळ्यात वाचलेली नाही.

पण हे हत्यार दुधारी आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्लाझ्माच्या गाभ्यात एरवीही छोटे हादरे येत असतात; आलेखावर ते करवतीच्या दातांसारखे दिसतात. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या जेट यंत्रात रेडिओ लहरींनी वेगवान झालेल्या आयनांनी हे हादरे दाबून धरले. गाभा शांत, तापमान चढतं, सगळं उत्तम. मग दाबून ठेवलेला हादरा एकदम फुटला तो नेहमीपेक्षा कितीतरी मोठा. शास्त्रज्ञांनी त्याला ‘राक्षसी’ असंच विशेषण लावलं. असा मोठा हादरा बेटांना जन्म देतो, हे पुढे ध्यानात आलं. म्हणून आता लहरी उलट अशा जागी सोडतात की हादरे छोटे-छोटे आणि वारंवार यावेत. शांतता विकत घेण्यापेक्षा हप्त्याहप्त्यानं भरपाई केलेली बरी, हे ज्ञान कोणत्याही समीकरणातून आयतं हाती आलं नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं यंत्र चालवावं लागलं.

टंगस्टनची गोष्टही अशीच आहे, आणि सार्वजनिक खर्चाच्या दृष्टीनं ती अधिक महत्त्वाची. आयटरची आतली भिंत आधी बेरिलियमची होणार होती. २०२४ साली मांडलेल्या नव्या आराखड्यात ती टंगस्टनची करायचं ठरलं. टंगस्टन उष्णता सोसतं, झिजतं कमी, विषारी नाही. पण त्याचा अणू इतका जड की कोट्यवधी अंशांतही त्याचे सगळे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. उरलेल्या इलेक्ट्रॉनांवाटे तो क्ष-किरणांच्या रूपात ऊर्जा बाहेर फेकत राहतो. दहा हजारांत एखादा अणू गाभ्यात साचला तरी भट्टी विझू शकते. त्यावर सापडलेला उतारा म्हणजे मायक्रोवेव्हचा झोत थेट गाभ्यावर धरणं. गाभा तापला, तिथली घुसळण वाढली, की जड अणू तिथे ठाण मांडत नाहीत. भिंत टंगस्टनची करून ॲस्डेक्स अपग्रेडमध्ये हे वर्षानुवर्षं तपासलं गेलं होतं. म्हणूनच नव्या आराखड्यात आयटरच्या मायक्रोवेव्हची ताकद २० मेगावॅटवरून ४० मेगावॅटवर नेली आहे.

इथे रेडिओ लहरींची पंचाईत होते. मायक्रोवेव्हचा झोत दुरून सोडता येतो, पण मेगाहर्ट्‌झच्या लहरींना प्लाझ्माच्या काठाचा विरळ थर ओलांडणं जड जातं, म्हणून त्यांचा अँटेना प्लाझ्माच्या अगदी जवळ बसवावा लागतो. त्याच्याभोवती तयार होणारं विद्युत्क्षेत्र आयनांना भिंतीवर आपटवतं आणि टंगस्टन उडवतं. ज्यानं गाभा तापवायचा त्यानंच गाभ्यात विष कालवायचं, असा प्रकार. त्यावरही तोडगे निघाले. अमेरिकेतल्या अल्काटोर सी-मॉडमध्ये अँटेना क्षेत्ररेषांच्या कलाप्रमाणे तिरका बसवला. ॲस्डेक्स अपग्रेडमध्ये तीन पट्ट्यांचा अँटेना करून पट्ट्यांमधली ताकद अशी वाटली की चौकटीत निर्माण होणारे प्रवाह एकमेकांना मारून टाकतील. असली कामं प्रसिद्धीपत्रकात मावत नाहीत, पण फ्यूजनचं भवितव्य त्यांच्यावरच ठरणार आहे.

आता विजेचा हिशेब. मायक्रोवेव्ह बनवणाऱ्या नळीला जायरोट्रॉन म्हणतात. चांगला जायरोट्रॉन त्याला दिलेल्या विजेपैकी सुमारे निम्मी वीज लहरींत बदलतो. पुढे आरसे, नळ्या, वळणं यांत आणखी काही गळते: आयटरच्या मूळ आराखड्यात २४ मेगावॅट मायक्रोवेव्ह तयार करून २० मेगावॅट प्लाझ्मापर्यंत पोचवायचे होते. म्हणजे प्लाझ्मात पडणाऱ्या एका मेगावॅटमागे दोन मेगावॅटहून जास्त वीज. ती वीज फ्यूजनच्याच उष्णतेतून काढायची म्हटलं, आणि उष्णतेची एक तृतीयांश वीज होते असं धरलं, तर लहरींच्या प्रत्येक मेगावॅटमागे सहाहून अधिक मेगावॅट उष्णता खर्ची पडते. आयटरचं उद्दिष्ट ५० मेगावॅट आत घालून ५०० मेगावॅट बाहेर काढण्याचं आहे. दहापट हे ऐकायला फार वाटतं. वरचा हिशेब लावला की त्या दहातले सहा तापवण्यातच गेले. त्याशिवाय अतिवाहक चुंबकांना थंड ठेवणारी यंत्रणा आहे, पंप आहेत. आयटर वीज बनवणार नाही, तो प्रयोग आहे, आणि प्रयोगाकडून नफ्याची अपेक्षा धरू नये हे मला मान्य आहे. मग बातमी देतानाही तो नफा असल्यासारखी देऊ नये.

कॅलिफोर्नियातल्या लेझरनं फ्यूजन घडवण्याच्या प्रयोगाच्या वेळी डिसेंबर २०२२ मध्ये हेच झालं. २.०५ मेगाजूल आत, ३.१५ मेगाजूल बाहेर, असं जगभर छापून आलं. लेझर चालवायला सुमारे ३०० मेगाजूल वीज लागली होती, हे ज्यानं बातमी शेवटपर्यंत वाचली त्यालाच कळलं. तो प्रयोग वैज्ञानिकदृष्ट्या मोठाच होता. पण जी सरकारं असल्या बातम्या वाचून निधी ठरवतात आणि जो करदाता तो निधी देतो, त्यांना तीनशेचा आकडा पहिल्या परिच्छेदात मिळायला हवा. माझी मागणी सरळ आहे: सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक फ्यूजन प्रयोगानं, प्लाझ्मात किती ऊर्जा पडली याच्या शेजारीच, ती पाडण्यासाठी ग्रिडमधून किती वीज उचलली हेही जाहीर करावं. आणि प्लाझ्मा किती वेळा कोसळला, तेही. हे आकडे प्रयोगशाळांकडे असतातच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फ्यूजन चांगलं पेटलं की त्यातून निघणारे हेलियमचे कण प्लाझ्माला आतून तापवतील. मग बाहेरच्या लहरींची गरज राहणार नाही, तर त्यांचा एवढा बाऊ कशाला? ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड रूपांच्या फ्यूजनमधली एक पंचमांश ऊर्जा हेलियमच्या वाट्याला येते. ५०० मेगावॅटमधले १०० मेगावॅट असे आतूनच मिळतील, बाहेरचे ५०. मला यात उलटाच धोका दिसतो. आज प्रयोगांत जवळजवळ सगळी उष्णता बाहेरून येते, म्हणजे नळ आपल्या हातात असतो. पेटलेल्या प्लाझ्मात दोन तृतीयांश उष्णता स्वतःच्या मर्जीनं चालेल, आणि ती कुठे पडावी हे आपण ठरवू शकणार नाही. यश जितकं मोठं, लगाम तितका आखूड. हातात उरलेल्या एक तृतीयांशाला म्हणूनच नेमकं, चपळ आणि भरवशाचं असावं लागेल. संगणकाला शिकवून प्लाझ्मा सांभाळता येईल असंही आता बोललं जातं. संगणक बेट कुठे आहे ते आधी ओळखेल, हे खरं. पण ते शिवायला सुई लागेलच.

दुसरा आक्षेप स्टेलरेटरचा. त्या यंत्रात प्लाझ्मातून मोठा प्रवाह सोडावाच लागत नाही, त्यामुळे टोकामॅकसारखं कोसळण्याचं भय जवळपास नाही. मला स्टेलरेटरबद्दल आस्था आहे. पण जर्मनीतल्या वेन्डेलश्टाइन ७-एक्सनं २०२३ साली आठ मिनिटं प्लाझ्मा टिकवला तो मायक्रोवेव्हच्याच आधारावर. वाट कोणतीही धरली तरी जायरोट्रॉन सुटत नाही.

तिसरा प्रश्न मी स्वतःलाच विचारत आलो आहे. हवामान आज बिघडतंय. सौर आणि पवनऊर्जा आज हाताशी आहे. मग फ्यूजनवर पैसा का घालायचा? माझं उत्तर असं की येत्या दोन दशकांतल्या उत्सर्जनाच्या हिशेबात फ्यूजनला धरूच नये, आणि जो धरतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आयटरमध्येच ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९च्या आधी नियोजित नाहीत. हे शतकभराचं काम आहे, आणि शतकभराच्या कामाला साजेशा पद्धतीनं, शांतपणे आणि अखंड, त्यावर खर्च व्हावा. उद्या वीज देतो म्हणून आज भरघोस पैसा, आणि वीज आली नाही म्हणून परवा यंत्राला कुलूप, या चक्रानं सर्वांत जास्त नुकसान लहरींच्या कामाचं होतं. चुंबक एकदा बनला की टिकतो. जायरोट्रॉन बनवणारे हात मात्र दहा वर्षं रिकामे राहिले तर ती विद्या जाते.

त्या विद्येची कल्पना यावी म्हणून एकाच भागाकडे बघू. जायरोट्रॉनच्या आत निर्वात पोकळी असते. तयार झालेली एक मेगावॅटची लहर बाहेर येण्यासाठी तिला खिडकी लागते. काच तिथे टिकत नाही. म्हणून कृत्रिम हिऱ्याची चकती बसवतात: सुमारे दहा सेंटीमीटर रुंद आणि दोन मिलिमीटरहून पातळ. वायूतून कार्बनचा थर हळूहळू बसवत ती वाढवावी लागते. हिरा ही लहर जवळपास शोषत नाही, आणि जी थोडी उष्णता उरते ती तांब्याच्या कितीतरी पट वेगानं कडेच्या पाण्याकडे पोचवतो. अशीच खिडकी यंत्राच्या बाजूलाही असते, आणि तिथे ट्रिटियम बाहेर येऊ न देण्याची जबाबदारीही तिच्यावर असते. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघातल्या गॉर्की शहरात जायरोट्रॉनचा शोध लागला, तेव्हापासून आजपर्यंत या ताकदीच्या नळ्या बनवू शकणाऱ्या संस्था बोटांवर मोजाव्यात इतक्याच राहिल्या आहेत. आयटरच्या मूळ २४ जायरोट्रॉनांची जबाबदारी जपान, रशिया, युरोप आणि भारत अशी वाटून दिली होती. उद्या वीजकेंद्रं उभारायची तर एकेका केंद्राला असे डझनावारी लागतील, वर्षभर न थांबता चालणारे. त्यासाठी चाचणी केंद्रं, हिऱ्याच्या चकत्या वाढवणारे कारखाने आणि शिकाऊ अभियंत्यांच्या जागा आजपासून हव्यात. निधीच्या तक्त्यात हे सगळं सहसा ‘सहायक यंत्रणा’ या शीर्षकाखाली तळाला असतं, आणि कपात करायची वेळ आली की सुरुवात तिथूनच होते.

लहान यंत्रांची गत त्याहून वाईट. अल्काटोर सी-मॉड हे एमआयटीमधलं छोटं टोकामॅक लोकांच्या पैशांवर चालत होतं. अणूंचा झोत न वापरता त्यानं सगळी भिस्त लहरींवर ठेवली होती. तिरका अँटेना तिथलाच. तिसऱ्या जातीच्या आयनांचं अगदी अल्प प्रमाण मिसळून रेडिओ लहरींची ऊर्जा त्यांच्यावर एकवटण्याची पद्धत तिथे आणि जेटमध्ये पडताळली गेली. २०१७ साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. पण तोवर निधी थांबून यंत्र बंद पडलं होतं. ३० सप्टेंबर २०१६ हा त्याचा शेवटचा दिवस. त्याच दिवशी त्यानं प्लाझ्माचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुपटीवर नेऊन विक्रम केला, आणि मग ते कायमचं थांबलं.

आज त्याच परिसरातून निघालेली एक खासगी कंपनी स्पार्क नावाचं टोकामॅक उभारते आहे. त्याच्याभोवती गुंतवणूकदारांची गर्दी आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. स्पार्कमध्येही अणूंचा झोत नाही. तिथला प्लाझ्मा १२० मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींनी तापवायचा आहे, आणि ती विद्या ज्या यंत्रावर मुरली त्याला दोन वर्षं अधिक चालवायला सार्वजनिक तिजोरीत पैसे निघाले नव्हते.